कथेतर पुस्तकाची प्रकरणं कशी आखावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषय पक्का आहे, टिपणांच्या वह्या भरल्या आहेत, एक-दोन प्रकरणं लिहूनही झाली आहेत आणि तरीही पुस्तक आकाराला येत नाही, अशा लेखकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच काल्पनिक पुस्तक घेतलं आहे: माणूस वेळ मोजायला कसा शिकला. दर उत्तरात नवं उदाहरण घेतलं की प्रत्येक सल्ला सोपा वाटतो. एकाच पुस्तकावर सगळे सल्ले लावून पाहिले की त्यातली खरी अडचण दिसते.

आराखड्याशिवाय पुस्तक लिहिता येत नाही का?

लेख येतो. आठ-दहा पानांचा मजकूर एका वेळी डोक्यात मावतो, त्यामुळे लिहिता लिहिता त्याचा आकार सापडतो. 50,000 शब्द मावत नाहीत. सातवं प्रकरण लिहिताना दुसऱ्यात आपण नेमकं काय सांगितलं हे आठवत नाही. मग तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते, किंवा सांगून झाली आहे असं धरून चालल्यामुळे ती कुठेच येत नाही. वाचक पुस्तक अर्ध्यावर ठेवतो त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. वाक्यं चांगली असतात, पण आपण कुठून कुठे चाललो आहोत हे त्याला कळेनासं होतं.

आराखडा म्हणजे एका बैठकीत उरकायचं काम आहे, असंही समजू नका. चार्ल्स डार्विनने आपला उत्क्रांतीचा सिद्धांत 1842 मध्ये पेन्सिलीने 35 पानांत मांडला. 1844 मध्ये त्याचाच 230 पानांचा खर्डा केला. ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ हे पुस्तक आलं 1859 मध्ये. एवढी वर्षं थांबा असं कुणी सांगणार नाही, पण थोडक्यात मांडणं, ते तपासणं आणि मग फुलवणं ही पद्धत लहान पुस्तकालाही तितकीच लागू पडते.

आराखडा म्हणजे अनुक्रमणिकाच ना?

नाही, आणि सर्वात जास्त घोळ इथेच होतो. अनुक्रमणिका वाचकासाठी असते आणि शेवटी तयार होते. आराखडा लेखकासाठी असतो आणि आधी तयार होतो.

‘1. सावलीची घड्याळं, 2. पाण्याची घड्याळं, 3. लंबक, 4. क्वार्ट्झ, 5. अणुघड्याळ’ असं लिहून झालं की आराखडा झाला असं वाटतं. ही विषयांची यादी आहे. तिच्यात एकही क्रियापद नाही. लंबकाविषयी तुम्ही काय म्हणणार आहात, हे या यादीतून तुम्हालाही कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘लंबकामुळे घड्याळाची रोजची चूक काही मिनिटांवरून काही सेकंदांवर आली आणि पहिल्यांदाच मिनिटकाटा विश्वासाचा झाला.’ आता या प्रकरणाला विधान मिळालं. ते सिद्ध करायला काय साहित्य लागेल ते कळतं, काय लागणार नाही तेही कळतं.

म्हणून माझा पहिला नियम असा: प्रत्येक प्रकरणासाठी एक पूर्ण वाक्य लिहायचं, क्रियापदासकट. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या प्रकरणात काय सांगायचं हे अजून ठरलेलं नाही. अशा वेळी सुंदर शीर्षक शोधण्यात वेळ घालवू नये, विषयाकडे परत जावं.

मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

वाचकापासून. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांनी ही गोष्ट फार स्वच्छ पाहिली होती. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत होती, तिला अनुबंधचतुष्टय म्हणत: विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध. आजच्या भाषेत सांगायचं तर पुस्तक कशाबद्दल आहे, ते वाचून काय मिळेल, ते कोणासाठी आहे आणि त्या विषयाशी या ग्रंथाचं नातं काय. दासबोधाचा पहिला समास तर श्रोत्यांच्या प्रश्नानेच उघडतो: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, ऐकल्याने काय मिळेल? समर्थ त्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि मगच पुढे जातात.

आराखड्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ही चार उत्तरं लिहा. ‘अधिकारी’ या शब्दापाशी जास्त वेळ थांबा. ‘सर्वांसाठी’ हे उत्तर चालणार नाही. वेळेच्या पुस्तकाचा वाचक कोण? शाळेनंतर विज्ञान सुटलेला पण कुतूहल टिकलेला प्रौढ माणूस असेल, तर लंबक का झुलतो हे समजावून सांगावं लागेल. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असेल, तर ते गाळून इतिहासाला जास्त पानं देता येतील. वाचक बदलला की एखादं प्रकरण वाढतं, एखादं उडतं. म्हणून वाचक ठरल्याशिवाय प्रकरणं मोजायला बसू नये.

पुस्तकाचा मुख्य प्रश्न कसा शोधायचा?

विषय आणि प्रश्न यांतला फरक आधी पाहू. ‘वेळमापनाचा इतिहास’ हा विषय झाला. ‘माणसाला वेळ अधिकाधिक अचूक का मोजावी लागली?’ हा प्रश्न झाला. विषयाला अंत नसतो. त्यात काहीही घालता येतं आणि म्हणूनच काहीही गाळता येत नाही. प्रश्न चाळणीसारखा काम करतो. मनोऱ्यावरच्या घड्याळांची नक्षी कितीही सुंदर असली तरी ती या प्रश्नाचं उत्तर देत नाही, तेव्हा ती या पुस्तकात नको.

प्रश्न सापडत नसेल तर एक प्रयोग करा. विषय ठाऊक नसलेल्या एखाद्या जाणकार मित्राला दहा मिनिटं पुस्तकाबद्दल तोंडी सांगा आणि तो कुठे मध्येच थांबवतो ते टिपून ठेवा. ‘पण मग आधी लोक कसं करायचे?’, ‘इतक्या अचूकतेची गरज कुणाला होती?’ हे त्याचे प्रश्न म्हणजे तुमच्या प्रकरणांची बीजं. मी हा प्रयोग प्रत्येक पुस्तकाच्या वेळी करते आणि दर वेळी, मला अगदी उघड वाटणारी एखादी गोष्ट समोरच्याला अजिबात उघड नाही, असं लक्षात येतं.

आधी सगळं साहित्य जमवायचं की आधी आराखडा करायचा?

दोन्ही आलटून पालटून. थोडं वाचा, कच्चा आराखडा करा, त्यात कुठे भोकं आहेत ते पाहा आणि त्या भोकांसाठी पुन्हा वाचा. ‘सगळं’ साहित्य कधीच जमत नाही. आराखडा हाताशी असला की वाचनाला दिशा मिळते आणि ‘हे पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून केलेल्या टिपणांचा ढीग वाढत नाही.

प्रकरणांचा क्रम कसा ठरवायचा?

या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर हे आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

एकाच साहित्याचे अनेक क्रम लागू शकतात आणि प्रत्येक क्रमाने वेगळं पुस्तक तयार होतं. वेळेच्या पुस्तकाचेच चार पाहू. पहिला कालक्रम: सावली, घटिकापात्र म्हणजे पाण्याचं घड्याळ, 1656 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने केलेलं लंबकाचं घड्याळ, 1927 मधलं क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं घड्याळ, 1955 मधलं सीझियमचं अणुघड्याळ. दुसरा गरजांचा क्रम: प्रार्थनेची वेळ, समुद्रावरची वेळ, रेल्वेची वेळ, उपग्रहांची वेळ. तिसरा कल्पनांचा क्रम: दिवसाचे भाग पाडणं, सारखे भाग पाडणं, दोन ठिकाणची वेळ जुळवणं, आणि शेवटी वेळ सगळीकडे सारख्या गतीने जात नाही हे समजणं. चौथा उलटा क्रम: मोबाइलच्या नकाशावर आपलं ठिकाण दाखवणारा ठिपका इतका बिनचूक कसा असतो, इथून सुरुवात करून एकेक पाऊल मागे जायचं.

यातला कोणता निवडायचा? माझं ठाम मत असं आहे की वाचकाच्या मनात शंका ज्या क्रमाने उठतात, तो क्रम खरा. प्रत्येक प्रकरणाने एका शंकेचं उत्तर द्यावं आणि त्या उत्तरातूनच पुढची शंका निघावी. वरच्या चारांपैकी मी दुसरा निवडेन, कारण मुख्य प्रश्न ‘गरज का पडली’ असा आहे. प्रार्थनेसाठी ढोबळ वेळ पुरते. मग समुद्रावर ती का पुरत नाही? जहाजाने बरोबर नेलेल्या एका घड्याळावर भागत होतं, मग सगळ्या देशाला एकच वेळ का लागली? देशाची वेळ एक झाली, मग सेकंदाची व्याख्याच 1967 मध्ये का बदलावी लागली? प्रश्न एकमेकांना ओढत पुढे नेतात.

डार्विनच्या पुस्तकाची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्या आवृत्तीत 14 प्रकरणं आहेत. नैसर्गिक निवड हा गाभ्याचा मुद्दा चौथ्या प्रकरणात येतो. पहिलं प्रकरण आहे पाळीव प्राणी आणि लागवडीतल्या वनस्पतींवर. त्यात कबुतरांच्या जातींची सविस्तर चर्चा आहे. वाचकाला जे आधीच मान्य आहे, म्हणजे माणूस निवड करून नव्या जाती घडवतो, तिथून तो निघतो. आणि सहावं प्रकरण आहे सिद्धांतासमोरच्या अडचणींचं. आक्षेप शेवटी परिशिष्टात ढकललेले नाहीत. गाभा मांडून दोन प्रकरणं होतात न होतात, तोच ते समोर घेतले आहेत, कारण वाचकाच्या मनात ते तिथेच उभे राहतात. क्रम शंकांचा असावा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

क्रम तपासायला एक सोपी युक्ती. शेजारशेजारच्या दोन प्रकरणांच्या वाक्यांमध्ये कोणतं अव्यय बसतं ते पाहा. ‘पण’, ‘म्हणून’, ‘मग’, ‘तरीही’ बसत असेल तर सांधा घट्ट आहे. सगळीकडे ‘आणखी’ किंवा ‘शिवाय’च बसत असेल तर ती प्रकरणं कुठेही हलवली तरी फरक पडणार नाही. हलवल्याने फरक पडत नसेल, तर क्रम अजून लागलेलाच नाही.

कालक्रम टाळावा का?

नाही. चरित्राला, एखाद्या घटनेच्या किंवा संस्थेच्या इतिहासाला तो साजतो. फक्त तो दुसरं काही सुचलं नाही म्हणून आलेला नसावा.

प्रकरणं किती असावीत आणि केवढी?

आकडे सांगते, पण ते अंदाज म्हणून घ्या. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण 250 ते 300 शब्द बसतात. पुस्तक 16 पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं, म्हणून एकूण पानं शक्यतो 16 च्या पटीत ठेवतात. 192 पानांचं पुस्तक म्हणजे 12 फॉर्म. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची मिळून 12 पानं शीर्षक, अनुक्रमणिका, मनोगत, सूची यांत जातात असं धरलं तर मजकुराला 180 पानं उरतात, म्हणजे साधारण 50,000 शब्द. प्रकरण 4,000 शब्दांचं धरलं तर बारा-तेरा प्रकरणं होतात.

4,000 शब्द हे एका बैठकीत वाचून होतात, म्हणून सोयीचे. पण सगळी प्रकरणं सारख्या मापाची करायला जाऊ नका. समुद्रावरच्या वेळेत इतकं नाट्य आहे की त्याला 7,000 शब्द दिले तरी वाचक कंटाळणार नाही. क्वार्ट्झचं काम 2,500 मध्ये भागेल. आराखड्यातच प्रत्येक प्रकरणापुढे अंदाजे शब्दसंख्या लिहून ठेवा आणि शेवटी बेरीज करा. बेरीज 1,10,000 वर गेली तर दोन प्रकरणं गाळायची की दोन पुस्तकं करायची, हा निर्णय लिहायच्या आधी घेता येतो. लिहून झाल्यावर तो फार जड जातो.

एका प्रकरणाच्या आराखड्यात काय काय लिहायचं?

एक पान पुरतं. नमुन्यादाखल समुद्रावरच्या वेळेचं प्रकरण पाहा.

प्रश्न: जमिनीवर उत्तम चालणारं घड्याळ जहाजावर निकामी का ठरलं?

प्रकरणाचं वाक्य: लंबकाला स्थिर जमीन लागते, म्हणून समुद्रासाठी घड्याळाची रचनाच नव्याने करावी लागली.

प्रवेश: 1707 मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटून बुडाली. आपण कुठे आहोत याचा त्यांचा अंदाज चुकला होता.

साहित्य: पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे 1 तासाला 15 अंश आणि 4 मिनिटांना 1 अंश. त्यामुळे निघालेल्या बंदराची वेळ माहीत असेल तर ती जहाजावरच्या स्थानिक वेळेशी ताडून रेखांश काढता येतो. 1714 चा ब्रिटिश कायदा: अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला 20,000 पौंड. अर्धा अंश म्हणजे 2 मिनिटं, म्हणजे सहा आठवड्यांच्या प्रवासात रोज सरासरी 3 सेकंदांहून कमी चूक. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसन, त्याचं 1759 मध्ये पूर्ण झालेलं चौथं घड्याळ, आणि 1761 मध्ये सुरू झालेली त्याची समुद्रावरची चाचणी.

आधी काय ठाऊक असायला हवं: लंबकाचं तत्त्व. ते मागच्या प्रकरणात आलं आहे.

वाचकाची शंका: चंद्र आणि ताऱ्यांमधलं अंतर मोजूनही रेखांश काढता येत होता, मग घड्याळाचा अट्टहास कशाला? इथे आकडेमोडीला लागणारा वेळ आणि ढगाळ आकाश.

पुढचा दुवा: जहाजाने दुसऱ्या ठिकाणची वेळ बरोबर नेली. जमिनीवरच्या गावांनी मात्र आपली स्थानिक वेळ सोडून दुसऱ्या शहराची वेळ का स्वीकारली? (रेल्वे)

गाळायचं: हॅरिसनचं बालपण, इतर स्पर्धकांच्या विचित्र कल्पना. दोन्ही रंजक आहेत, पण या प्रश्नाच्या कामाचं नाही.

हे शेवटचं ‘गाळायचं’ सदर अनेकजण ठेवत नाहीत. ते जरूर ठेवा. गाळलेली गोष्ट कुठेतरी लिहिलेली असली की ती घुसवण्याचा मोह कमी होतो, आणि पुढे गरज पडलीच तर शोधावी लागत नाही.

प्रस्तावना, मनोगत आणि पहिलं प्रकरण यांत गोंधळ होतो. काय कुठे लिहायचं?

प्रस्तावना बहुधा दुसऱ्या जाणकार व्यक्तीची असते; ती तुमच्या आराखड्यात येत नाही. मनोगतात पुस्तक का आणि कसं झालं ते सांगावं, ऋणनिर्देशही तिथेच. आणि वाचकाने मनोगत वाचलेलं नाही असं धरूनच पहिलं प्रकरण आखावं. विषय समजायला आवश्यक असलेली एकही गोष्ट मनोगतात अडकलेली नको.

पहिल्या प्रकरणाचं काम प्रश्न उभा करणं हे आहे. पुस्तकाचं सगळं सार तिथेच सांगून टाकायची घाई अनेकांना होते, त्यामागे वाचक निघून जाईल ही भीती असते. वाचकाला प्रश्न खराच पडला तर तो जात नाही.

‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ असं एक प्रकरण सुरुवातीला हवं ना?

शक्यतो नको. प्रबंध लिहिलेल्यांना ही सवय असते आणि ती मोडायला कष्ट पडतात. प्रबंधाच्या परीक्षकाला लेखकाने आधीचं सगळं वाचलं आहे का हे पाहायचं असतं. वाचकाला ते पाहायचं नसतं. त्याला गरज पडेल तेव्हा, पडेल तेवढीच पार्श्वभूमी हवी असते. 30 पानांची पार्श्वभूमी तोडून जिथे तिथे दोन-दोन परिच्छेदांत वाटून टाका. जे उरेल आणि कुठेच बसणार नाही, त्याची पुस्तकाला गरज नव्हती.

प्रबंधाचं पुस्तक करताना ‘संशोधन पद्धती’ आणि ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ ही प्रकरणंही अशीच विरघळवावी लागतात. त्यातलं तांत्रिक ते परिशिष्टात जातं.

एकच मुद्दा तीन प्रकरणांत येतो आहे. काय करावं?

आधी तो मुद्दा एका कागदावर एकटा लिहा. मग पाहा: तो तीनही ठिकाणी त्याच रूपात येतो, की दर वेळी वेगळा होऊन येतो? त्याच रूपात येत असेल तर जिथे तो पहिल्यांदा अडतो तिथे पूर्ण सांगा आणि नंतर फक्त एका वाक्याने आठवण द्या. वेगळा होऊन येत असेल तर ती पुनरुक्ती नाही. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या शास्त्रकारांनी, ग्रंथाचं तात्पर्य ओळखण्याच्या ज्या सहा खुणा सांगितल्या आहेत, त्यांत ‘अभ्यास’ ही एक आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट. कदाचित तोच तुमच्या पुस्तकाचा खरा मुद्दा असेल आणि तुम्ही त्याला बाजूच्या खोलीत ठेवला असेल.

हा अनुभव मला स्वतःला आला आहे. पाच प्रकरणांत पसरलेला एक मुद्दा मी पाच वेळा छाटायचा प्रयत्न केला. शेवटी त्याला मध्यभागी घेतलं तेव्हा बाकीची प्रकरणं आपोआप त्याच्याभोवती बसली. छाटण्यात गेलेले चार महिने वाचले असते.

शेवटच्या प्रकरणात काय असावं?

त्याच सहा खुणांमधली पहिली खूण उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी आहे: आरंभी जे उचललं, ते अखेरीस पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे. म्हणून आराखड्यात पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणाची वाक्यं एकाखाली एक लिहा. पहिलं वाक्य प्रश्न आणि शेवटचं त्याचं उत्तर, असं दिसतं का? दिसत नसेल तर मधे कुठेतरी पुस्तक दुसऱ्या वाटेला लागलं आहे.

सगळ्या प्रकरणांचा सारांश मात्र देऊ नका. वेळेच्या पुस्तकाचा शेवट मी मोबाइलला ठिकाण सांगणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहांवर करेन. त्यांवरची घड्याळं आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात नकाशावरचं आपलं ठिकाण काही किलोमीटरने सरकेल. जहाज कुठे आहे हे कळण्यासाठी सुरू झालेली धडपड पुन्हा ‘आपण कुठे आहोत’ याच प्रश्नापाशी येते. वाचकाला ते वर्तुळ स्वतःचं स्वतः दिसू द्यावं.

प्रकरणांची शीर्षकं कधी ठरवायची?

शेवटी. तोवर कामचलाऊ नावं चालतील.

आत्मकथन किंवा मार्गदर्शक पुस्तक असेल तर हेच लागू पडतं का?

आत्मकथनात मुख्य प्रश्न शोधणं अधिक अवघड जातं, कारण आयुष्य प्रश्न ठेवून जगलेलं नसतं. जन्मापासून सुरुवात करण्याआधी विचारा: या आयुष्यातली कोणती गोष्ट बदलत गेली? भीती, श्रद्धा, एखादं नातं, कामाकडे पाहण्याची दृष्टी. त्या बदलाचे टप्पे म्हणजे प्रकरणं. काही वर्षं एका ओळीत जातील, एखादा आठवडा पूर्ण प्रकरण घेईल.

मार्गदर्शक पुस्तकात क्रम वाचकाच्या हातातल्या कामाचा असतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याला काय करता येऊ लागलं पाहिजे, ते आराखड्यात लिहा. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ अशी क्रियापदं टाळा. ‘मोजता येईल’, ‘जोडता येईल’, ‘लिहिता येईल’ अशी वापरा. सराव आणि नेहमी होणाऱ्या चुका कुठे येणार तेही आत्ताच ठरवा.

जुने लेख एकत्र करून पुस्तक करायचं आहे. त्याला आराखडा लागतो?

जास्तच लागतो. लेखसंग्रह म्हणून काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण सलग पुस्तक हवं असेल तर लेख आहेत तसे लावत बसू नका. प्रत्येक लेखाचं एक वाक्य काढा, त्या वाक्यांवरून मुख्य प्रश्न ठरवा आणि त्या प्रश्नासाठी कोरा आराखडा करा. मगच कोणता लेख कुठे बसतो ते पाहा. साधारणपणे काही लेख बाहेर राहतात, काही फोडावे लागतात आणि दोन-तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागतात. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला असलेली विषयाची ओळखही काढावी लागते, नाहीतर वाचकाला तीच ओळख दहा वेळा होते.

कागद वापरावा की सॉफ्टवेअर?

ज्यात तुकडे सहज हलवता येतात ते काहीही. मी प्रत्येक प्रकरणासाठी एक कार्ड करते आणि सगळी कार्डं जमिनीवर मांडते, कारण पडद्यावर एका वेळी संपूर्ण पुस्तक दिसत नाही. ज्यांना स्प्रेडशीट जमते त्यांनी त्यात प्रश्न, वाक्य, साहित्य, शब्दसंख्या असे रकाने करावेत. लांबलचक वर्ड फाइल मात्र या कामाला वाईट. तिच्यात क्रम बदलणं कष्टाचं असतं, म्हणून तो बदललाच जात नाही.

आराखडा एआयकडून करून घेतला तर?

यादी मिळेल, आणि ती नीटनेटकी असेल. त्या विषयावर साधारण काय काय लिहिलं जातं, हे तिच्यातून कळतं. एखादा राहिलेला मुद्दाही सापडू शकतो. पण तुमच्या वाचकाची शंका आणि तुमचं म्हणणं तिच्यात नसतं. आधी स्वतःचा आराखडा करा, मग हवं तर त्यावर आक्षेप घ्यायला सांगा.

प्रकाशकाला काय पाठवायचं?

प्रत्येक प्रकाशकाची पद्धत वेगळी असते, ती आधी विचारावी. साधारणपणे एक पान पुस्तकाबद्दल (विषय, वाचक, अंदाजे शब्दसंख्या, तुम्हीच का लिहावं), प्रत्येक प्रकरणाचा पाच-सहा ओळींचा सारांश आणि एक-दोन पूर्ण लिहिलेली प्रकरणं एवढं हाताशी असलं की बोलणं सुरू होऊ शकतं. सारांशात ‘या प्रकरणात अमुक विषयाचा ऊहापोह केला आहे’ असं लिहू नका. ऊहापोह करून काय निघालं ते लिहा.

लिहिताना आराखडा मोडतो. पुन्हा सगळं करायचं का?

मोडणारच. लिहिताना नवं कळतं, तेच तर लिहिण्याचं फळ. दोन-तीन प्रकरणं झाली की थांबा आणि उलटा आराखडा करा: लिहून झालेल्या मजकुरातल्या प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य समासात लिहा आणि ती वाक्यं मूळ आराखड्याशेजारी ठेवा. जिथे ती जुळत नाहीत तिथे आराखडा चुकला की लेखन भरकटलं, हे शांतपणे ठरवा. बरेचदा आराखडाच चुकलेला असतो. तो बदलताना जुनी प्रत तारीख घालून जपून ठेवा. सहा महिन्यांनी पहिला क्रमच बरा होता असं वाटण्याची शक्यता असते.

आराखडा झाला. आता पहिल्या प्रकरणापासूनच लिहायचं?

गरज नाही. ज्या प्रकरणाचं साहित्य पूर्ण आहे आणि जे लिहायला हात शिवशिवतो आहे, ते आधी घ्या. त्यातून पुस्तकाचा आवाज सापडतो. दुसरं मात्र सर्वात अवघड प्रकरण घ्या, ज्याच्या विधानाची तुम्हाला पुरती खात्री नाही. वेळेच्या पुस्तकात मी समुद्राचं प्रकरण आधी लिहीन आणि लगेच सापेक्षतेच्या प्रकरणाला हात घालीन. ते मला सोप्या भाषेत सांगता आलं नाही, तर पुस्तक कुठे संपवायचं याचाच फेरविचार करावा लागेल, आणि तो बारा प्रकरणं लिहून झाल्यावर करण्यापेक्षा दोन झाल्यावर केलेला परवडतो. पहिलं प्रकरण मी सगळ्यांत शेवटी लिहिते.